हिंदुराव पशुपालन शिकतात

बारामती,
८ जुलै १९९६

गेणूतात्यांस हिंदुरावाचा रामराम.

पत्र पाहून दचकू नका, कुणी आजारी नाही. सणसर काय लांब आहे, हा माणूस एसटीत बसून येण्याऐवजी पत्रं काय लिहितो, असं तुमच्या मनात येईल. पण आमच्या आईनं घालून दिलेला नियम आहे, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. गाडीत उभ्यानं यायचं आणि कोरड्या घशानं परत फिरायचं, त्यापेक्षा अंतर्देशीय बरं. तुम्हाला अक्षर लागत नसलं तरी आमची लेक वैष्णवी दहावीपर्यंत शिकली आहे, ती वाचून दाखवील.

बातमी अशी. सोमेश्वरनगरला सव्वीस वर्षं उसाच्या गाड्यांवर पहारा केला. आता रिटायर होऊन लेकाच्या घरी बसलोय, तर दोन खोल्यांत माझी अडचण होते. सूनबाई मनिषा केर काढायला लागली की मी कुठल्या कोपऱ्यात उभा राहायचं हे आमचं दोघांचं अजून ठरायचं आहे. तेवढ्यात इथल्या एका संस्थेनं संध्याकाळचे वर्ग काढले. सहा ते आठ, तीन महिने. फुलसजावट, बागकाम आणि पशुपालन. वयाची अट नाही. मी पशुपालनाला नाव घातलं. शेवटी परीक्षा आहे आणि पास झालं की शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळतं.

आता मुद्द्याचं बोलतो. लग्नात विहीणबाई चार बायकांत म्हणाल्या, "नवरीच्या बापाकडं मिशी सोडली तर दावण्यासारखं काय हाय?" मी मांडवाच्या खांबामागे उभा होतो. मी रागावलो नाही. म्हणजे रागावलो, पण पंगती उठायच्या होत्या. त्यांना सांगा, ऑक्टोबरपर्यंत दम धरा, मिशीच्या शेजारी प्रमाणपत्र लावून दाखवतो. आमचा जन्म मेंढरांत गेला, आम्हाला जनावराचं नवं ते काय शिकवणार, पण हल्ली शिक्का लागतो.

जावई मल्हाररावांना रामराम, वैष्णवीला आशीर्वाद.

तुमचा व्याही,
हिंदुराव


सणसर,
१५ जुलै १९९६

आबास्नी गेणूचा रामराम. मी सांगतोय, वैष्णवी लिवतीया.

पत्र पोचलं. पोरीनं वट्यावर बसून वाचलं. पयल्यांदा आमी घरचीच व्हतो. मग शेजारची आली, मग पलीकडची आली, म्हणून तिला परत पयल्यापास्नं वाचायला लावलं. मिशीचं आलं तवा तुमची विहीण साखरबाई उठून आत गेली आन् भाकरी थापटायला लागली. पर कान भायेरच व्हतं.

तुमी लय झ्याक काम केलंसा. हितं जनावर बिघडलं की डॉक्टरला बलवायला माणूस धाडावा लागतुया. आता घरचाच डॉक्टर व्हनार म्हणून मी समद्यास्नी सांगून टाकलं. आमची म्हस चंद्री गाभण हाय, दसऱ्याच्या आदीच विल. शेजारच्या झुंबरची शेळी लंगडतीया, खूर नासलाय. काय करायचं ते शिकलासा की लगोलग कळवा.

तुमचा,
गेणू

आबा, हे खालचं माझं आहे, तात्यांना वाचून दाखवलेलं नाही. लग्नाला दोन महिने झाले, सासूबाई मला "अगं ए" म्हणत होत्या. काल पत्र वाचून झाल्यावर त्यांनी मला पहिल्यांदा नावानं हाक मारली. रात्रीची भांडी त्यांनी घासली आणि मला लोकांत बसू दिलं. माझं इथलं सगळं आता तुमच्या त्या वर्गावर उभं आहे असं समजा. तिथं कुणाशी भांडू नका. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. — वैष्णवी


बारामती,
२२ जुलै १९९६

तात्या,

लगेच उत्तर देतोय, कारण ही गोष्ट शिळी झाली तर जास्त वास मारेल. मी पशुपालनाचा वर्ग सोडला. पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासाला.

शिकवायला राम डॉक्टर म्हणून पंचविशीतला पोरगा आहे. ओठावर धड मिसरूड नाही. म्हणाला, "शेळीमेंढीला औषध पाजताना तोंड फार वर करू नका, औषध श्वासनळीत उतरतं." मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, मी दहा वर्षांचा असल्यापासून मेंढरांची तोंडं वर करून पाजतोय. चारशे तरी पाजली असतील." तर तो शांतपणे विचारतो, "त्यातली किती मेली, आबा?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. तात्या, मी मनातल्या मनात मोजायला लागलो आणि आकडा थांबेना. मग मी टोपी घातली आणि बाहेर आलो.

चपला शेजारच्या खोलीच्या दारात होत्या. वाकून घालतोय तोवर आतून बाईंचा आवाज आला, "या या, उशीर झाला तरी चालेल, बसा." आत एकोणीस बायका आणि टेबलावर टोपलीभर निशिगंध. एका संध्याकाळी दोन वर्गांतून निघून जाणं बरं दिसत नाही, म्हणून बसलो. तो फुलसजावटीचा वर्ग. शिकवणाऱ्या सितारा मॅडम म्हणजे बादशाहभाई फूलवाल्यांची लेक. त्यांनी माझ्या हातात फुलं दिली, तार दिली आणि गुच्छ बांधा म्हणाल्या. मला गाठ एकच येते, कोकराचा मोडलेला पाय काटकीला बांधायची. ती मारली. मॅडमनी गुच्छ उलटा धरून हलवला, पण एक फूल हललं नाही. एकोणीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली नव्हती, तात्या.

तर मी आता तिथंच बसतो. देठ तिरका कापायचा आणि लगेच पाण्यात बुडवायचा, इथवर आलोय. मेंढरं हाकलेला माणूस गजरे बांधतो म्हणून एकदा पोटभर हसून घ्या आणि विषय मिटवा. विहीणबाईंना तुम्हीच सांगा, पण त्यांचं जेवण झाल्यावर.

हिंदुराव


सणसर,
३१ जुलै १९९६

आबा, रामराम.

तुमचं पत्र ऐकून छाती फुगली. पयल्याच दिशी तुमी त्या डॉक्टरला चारशे मेंढरांचा दाखला दिलासा, आन् समदा वर्ग उठून टाळ्या वाजवाय लागला, ह्ये मी आळीला तीनदा वाचून दावाय लावलं. औषध पाजताना तोंड लय वर करायचं न्हाय, ह्ये बी तुमी त्या पोराला समजावून सांगितलंसा ते ब्येस झालं. आजकालच्या पोरास्नी काय म्हाईत असतंय?

झुंबरच्या शेळीचा खूर तुमी लिवल्यापरमानं तिरका कापला आन् मोरचुदाच्या पाण्यात बुडवला. चार दिसांत शेळी कुपावर चढून पाला खायाला लागली. झुंबर म्हणतोय, आबांचा फोटू धाडा.

गेणू

आबा, रागावू नका. "वर्ग सोडला" ही ओळ डोळ्यांना दिसली आणि वर बघितलं तर सासूबाई पीठ चाळायच्या थांबून ऐकत होत्या. माझ्या तोंडातून "वर्ग सुरू झाला" असंच बाहेर पडलं. एकदा पडल्यावर पुढचंही तसंच येत गेलं. फुलं आली की मी जनावरं घालत गेले, देठाच्या जागी खूर घातला. टाळ्या मात्र तुमच्या तुम्हालाच ठेवल्या. मोरचूद आजी वापरायची, मी लहानपणी बघितलंय, त्यामुळे शेळीची काळजी करू नका. — वै.


बारामती,
६ ऑगस्ट १९९६

तात्या, हे पत्र तुम्हाला आहे, पण आधी वाचणारीशी दोन शब्द बोलतो.

वैष्णवी, पुढची ओळ मोठ्यानं वाच. तुझा बाप फुलं बांधतो. वाचलीस? आता तात्यांच्या तोंडाकडे बघ. त्यांच्या चेहऱ्यात काही फरक पडला नसेल तर तू वाचलेली नाहीस. पुन्हा वाच.

असो. तात्या, फुलांचं शास्त्र मोठं आहे हो. गुलाबानं मान टाकली की आपण फेकून देतो. तसं करायचं नाही. त्याला वर्तमानपत्रात गुंडाळायचं, देठाचं टोक पुन्हा कापायचं आणि गळ्याइतक्या पाण्यात उभं करून सावलीत ठेवायचं. पाण्यात चिमूटभर साखर घालायची. पाकळ्यांवर पाणी मारायचं नाही, डाग पडतात. दोन तासांत मान वर येते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसलो आणि मान वर येईपर्यंत उठलो नाही. मॅडम म्हणाल्या, "आबा, घरी जा, आठ वाजून गेले."

परवा एक साहेब रिटायर झाले, त्यांच्या निरोपाचा हार मी केला. हार गळ्यात पडल्याबरोबर साहेब रडले. मनिषा म्हणते ते नोकरी सुटली म्हणून रडले. मला तसं वाटत नाही.

राम डॉक्टर रोज व्हरांड्यात भेटतो आणि "नमस्कार आबा" म्हणतो. मी वर कौलांकडे बघतो.

हिंदुराव


सणसर,
२ सप्टेंबर १९९६

आबा, रामराम.

कामाच्या गडबडीत उत्तराला उशीर झाला. पर तुमच्या पत्रानं मोठं काम केलं. पलीकडच्या वस्तीवरला बैल उन्हात नांगर वढून मान टाकून बसला व्हता. तुमी लिवल्यापरमानं त्येला सावलीत घेतला, गुळाचं आन् मिठाचं पाणी केलं, तोंड वर न करता दमादमानं पाजलं. दोन तासांत बैल उठला. तुमी बैलापुढं खुर्ची टाकून बसायला सांगितलं व्हतं म्हणून मालक बी बसला. त्येला वाटतंय, बैल त्यामुळंच उठला.

साहेबाची म्हस तुमी बरी केलीसा आन् साहेब तुमच्या गळ्यात पडून रडला, ह्ये ऐकून आमच्या साखरबाईनं बी डोळं पुसलं.

तर आमी ठरवलंय. दसऱ्याला तुमचा सत्कार करायचा. फेटा आणून ठिवलाय. समदी आळी आपापली जनावरं घिऊन वळीनं बसंल, तुमी येक येक बघत जायाचं. न्हाय म्हणू नगा.

गेणू

आबा, साहेबांच्या म्हशीचं वाचताना माझा तोल गेला, कबूल आहे. लोक एवढे कान देऊन ऐकत होते की थांबता येईना. पण सत्कार मी काढला नाही, तो त्यांचा त्यांनीच काढला. काल सासूबाईंनी स्वतःच्या आधी मला चहा दिला. हे सगळं मोडलं की मी पुन्हा "अगं ए" होईन. काय करू, तुम्हीच सांगा. — वै.


बारामती,
३० सप्टेंबर १९९६

तात्या,

माझी पत्रं सणसरपर्यंत सरळ येतात आणि तुमच्या ओट्यावर चढली की वळतात. खुलासा करणारी आणखी दोन मधे पाठवली, त्यांचं काय झालं देव जाणे. म्हणून आता सांगत नाही, दाखवतो.

परीक्षा झाली. वीस जणांत माझा पहिला नंबर आला. उद्या सकाळच्या इंदापूर गाडीच्या कंडक्टरकडे एक गुच्छ देतोय. परीक्षेत जसा बांधला होता तसाच बांधलाय, नऊ पिवळ्या शेवंत्या, वरून पिवळी रिबीन. आत प्रमाणपत्राची झेरॉक्स गुंडाळून ठेवली आहे, त्यावर फुलाचं चित्र आहे. बघितल्यावर लहान पोराला कळेल की हा माणूस जनावरं शिकलेला नाही. विहीणबाईंच्या हातात द्या. ही चिठ्ठी गुच्छाबरोबर आहे, पण ती वाचायचीही गरज नाही.

पोरीवर रागावू नका. मला काय बोलायचं ते बोला.

हिंदुराव


सणसर,
१ ऑक्टोबर १९९६

आबा, रामराम.

औषध पोचलं. कंडक्टरनं गाडी थांबवून हातात दिलं. मल्हार रानात व्हता आन् वैष्णवी धुणं घिऊन कॅनॉलवर गेली व्हती, त्यामुळं संगतीची चिठ्ठी कुणी वाचली न्हाय. पर म्हटलं, दिसांवर आल्याल्या म्हशीसाठनं आबांनी पाला धाडलाय, ह्यात इचारायचं काय? साखरबाईनं चंद्रीला आपल्या हातानं चारलं. चार घासात संपलं. आतला कागुद बी तिनं वढून खाल्ला.

औषध लागू पडलं असं दिसतंय, कारण तवापास्नं म्हशीनं वैरणीला तोंड लावलं न्हाय, येका जाग्यावर उभी न्हाय. असंच व्हायाचं असतंय का, येवढं कळवा.

गेणू

आबा, आबा, त्यात तार होती का? मी आले तर रिबीन तेवढी दावणीत पडलेली. चिठ्ठी आता वाचली. सासूबाईंना विचारू कसं? औषधात तार कशाला असंल, असं त्या विचारतील. तात्या तर खुशीत आहेत. हे पत्र दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतेय. मी म्हशीजवळ बसलेय. सत्कार गेला खड्ड्यात, तुम्ही काहीतरी करा. — वैष्णवी


बारामती,
३ ऑक्टोबर १९९६

तात्या,

परवा तुमच्या अंगणात मी जे बोललो ते ओरडून बोललो, निम्मं तुम्हाला लागलं नसेल, म्हणून नीट लिहितो. वैष्णवी, हे जसंच्या तसं वाच. आता लपवायला काही उरलेलं नाही.

कंडक्टरनं तुमचं पत्र संध्याकाळी दारात आणून दिलं. "चारलं" हा शब्द मी दोनदा वाचला. त्या गुच्छात नऊ तारा होत्या. वीत वीत लांबीच्या, मी स्वतः आवळलेल्या. मेंढरांत वाढलेल्या माणसाला सांगायला नको, तार पोटात गेली की जनावराच्या काळजाकडे सरकते. त्यात दिवस भरलेली म्हैस. मी तसाच अनवाणी वर्गावर गेलो.

राम डॉक्टर फळ्यावर गाईचं पोट काढून दाखवत होता. मी सगळ्या वर्गासमोर हात जोडले आणि "सर" म्हणालो. त्या वयाच्या पोराला मी जन्मात सर म्हणालो नव्हतो. त्यानं मला काही सुनावलं नाही. खडू ठेवला, पिशवी घेतली आणि एम-एटी गाडी काढली.

वाटेत मागं बसून मी ठरवत होतो, तुम्हाला बाजूला घ्यायचं, हळू आवाजात सांगायचं. पण अंगणात शिरतो तर "दोन दोन डॉक्टर आलं" म्हणत सगळी आळी गोळा झालेली. चंद्री गोठ्यात पाय आपटतेय. ठरवलेलं सगळं विसरलो आणि ओरडलो, "मी डॉक्टर नाही! मी फुलं बांधतो! तीन महिने नुसती फुलंच बांधलीत!" तुम्ही म्हणालात, "आबा, ऊन लागलं का काय?" तेव्हा दिवेलागण झाली होती, तात्या. मल्हाररावांनी तांब्या पुढं केला आणि मी घटाघटा प्यालो. आमच्या आईचा नियम तिथंच बुडाला.

पुढचं तुमच्या डोळ्यांदेखत झालं. डॉक्टरनं म्हशीचं पोट चाचपलं, छातीला नळी लावली, मागं जाऊन बघितलं आणि हसला. म्हैस तारेनं नाही अडलेली, वितेय. रेडकाचा एक पाय आत दुमडलेला होता. डॉक्टर बाह्या सारतोय तोवर वैष्णवी पदर खोचून, हात धुऊन, तेल लावून उभी. त्यानं तिच्या हाताकडे बघितलं आणि बाजूला झाला. तो सांगत गेला आणि ती करत गेली. पाय सरळ झाला, रेडी बाहेर आली, शिंकली. माझी लेक शेणात बसून रडत होती आणि हसत होती.

आणि मग विहीणबाई आतून पिठाची चाळण घेऊन आल्या. चाळणीची कड सुटलेली असावी, ती त्यांनी शिवून घेतली होती. माझ्या नाकासमोर धरली. मी मोजल्या. नऊच्या नऊ तारा तिथं होत्या. त्यांनी माझं मोजून होऊ दिलं. चाळण घेऊन आत गेल्या.

तात्या, त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपलो असतो. फेटा परत करा, मला पुन्हा दारात उभं करू नका, सगळं कबूल. पण पोरीला काही बोलू नका. ती खोटं बोलली ते माझा मान वाढावा म्हणून नव्हे. तुमच्या घरात तिला बसायला जागा हवी होती. एवढं एक माझं ऐका.

हिंदुराव


सणसर,
९ ऑक्टोबर १९९६

(आबा, हे पत्र सासूबाई सांगत आहेत. एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाही असं त्यांनी बजावलंय. करत नाही. — वै.)

हिंदुराव व्याही,

मी साखरबाई. तुमचं पत्र पोरीनं रडत वाचलं, काय कळंना, म्हणून दुसऱ्यांदा वाचाय लावलं. ह्यांनी दोन दिस गोठ्यातच बाज टाकली व्हती. तिसऱ्या दिशी हसाय लागलं, ते अजून थांबल्यालं न्हाईत. जेवताना ठसका लागतुया.

आता माझं ऐका. औषधाला रिबीन बांधल्याली मी जल्मात बघितली न्हाय. गुच्छ हातात आला तवाच मला कळलं, ह्यो माणूस फुलंवाला हाय. तारा काढून ठिवल्या, चाळणीला कामाला आल्या. फुलं म्हशीला घातली, कारण दारात समदी औषध म्हणून तोंडाकडं बघत व्हती, आन् फुलं काय म्हशीला बाधत न्हाईत. कागुद मी बाजूला ठिवला व्हता, तो तिनं वढला.

पर मला त्याच्या बी आदी म्हाईत व्हतं. झुंबरच्या शेळीचा खूर तिरका कापा म्हणून तुमचं पत्र आलं न्हवं? त्याच्या आदल्या दिशी ही पोरगी झुंबरच्या गोठ्यात वाकून खूर बघत व्हती, मी कुपाआडनं बघितलं. त्या बैलाचं बी तसंच. पयलं ही जाऊन बैल बघून यायची, आन् मग दुसऱ्या दिशी तुमच्या पत्रात त्याचं औषध निघायचं. बारामतीत बसल्याल्या माणसाला सणसरच्या बैलाचं दुखणं कसं कळंल? ह्यांना इचार आला न्हाय. मला आला.

मग बोलला का न्हाईसा, असं पोरीनं मला काल इचारलं. तर सांगते. माझ्या सुनंनं सांगितलं असतं, ह्यो खूर कापा, तर झुंबरनं कापला असता का? मी तरी कापू दिला असता का? दोन महिन्यांची सून, म्हणलं असतं, गप बस. बापाचं नाव घेतलं म्हणून समद्यांनी ऐकलं. मी हितं तीस वर्सं झाली नांदतीया. मला बी म्हशीतलं कळतंय. नाव घ्यायला माझा बाप न्हवता, तवा मी गपच बसले. म्हणून म्हणलं, हिला बोलू दे.

लग्नात मी मिशीचं बोलले ते चुकलं. पर तुमी खांबामागं उभं राहून ऐकत व्हता, ते बी बरं न्हाय.

त्या डॉक्टर पोरानं जाताना मला सांगितलं, ह्या पोरीचा हात चांगला हाय, वर्गाला धाडा. तर नवा वर्ग सुरू झाला की ती येनार. आठवड्यातनं तीन दिस, संध्याकाळच्या गाडीनं. मल्हार न्यायला यील. त्या तीन दिशी भाकरी मी करीन. तुमी तिला तिथं कायतरी खायला घाला, आन् डॉक्टरासंगं भांडू नगा.

दसऱ्याला या. फेटा आणलाय तो कुणाला तरी बांधायचाच. डोक्याला तुमच्या बांधू, पर नाव तिचं घिऊ. आन् येताना फुलं घिऊन या, बिनतारेची.

एक शेवटचं. फुलांची पत्रं धाडायची बंद करू नगा. वट्यावर समदी वाट बघत्यात, आमच्या झुंबरला तर करमत न्हाय. पर वैष्णवी वर्गाला येती त्या दिशी हितं पोचंल असं पत्र टाकू नगा. दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यातनं नुसती फुलंच निघतील.

साखरबाई